मोठ्या मायनस नंबरवाल्यांनी डोळा कसा सांभाळावा

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या बोळात आमचं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी ३१ वर्षं गल्ल्यावर बसतोय. वडिलांच्या वेळी मायनस आठची काच आली की ते कारागिराला बोलावून दाखवायचे, इतकी ती क्वचित यायची. आता भंवरकुआ भागातल्या कोचिंगमधली पोरं येतात : सात, आठ, साडेनऊ. मागणी एकच, "भिया, काच पतली वाली देना." देतो. १.७४ इंडेक्सची काच आणि लहान गोलसर फ्रेम घातली की मायनस नऊ आहे हे मुलगी बघायला आलेल्यांनाही कळत नाही. घोटाळा तिथेच होतो. काच पातळ झाली तरी डोळा होता तेवढाच लांब राहतो.

२०१६ साली आलेल्या एका जागतिक अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत निम्म्या जगाला मायनस नंबर असेल आणि दर दहातल्या एकाचा नंबर मोठा असेल. आमच्या धंद्याला बरकतच म्हणायची. पण मी स्वतः त्या दहातला एक आहे, उजवा साडेनऊ, डावा आठ, म्हणून हे लिहितोय.

आधी नंबराचा कागद काढा. 'एसपीएच'च्या रकान्यात -६.०० किंवा त्यापुढचा आकडा असेल तर तुम्ही मोठ्या नंबरवाले. पावणेसहा असला म्हणून सुटलात असंही नाही. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो, मोठ्या मायनसमध्ये तो बहुधा २६च्या आसपास किंवा पुढे जातो. दोन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण गोळा तेवढाच घेऊन पोळी मोठी लाटली की ती विरते, तसं डोळ्याच्या आतल्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं होतं. कडेला विरलेल्या जागी भोक पडतं, त्यातून पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटतो. मधोमध ताण पडला तर नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवतात. काचबिंदूची शक्यता वाढते, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. चष्म्याने यातलं काहीच थांबत नाही.

म्हणून वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा. आमच्या दुकानातल्या मशीनवर नंबर निघतो, पडदा दिसत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर "नंबर बघा" म्हणू नका, "पडदा कडेपर्यंत बघा" म्हणा. बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. मग ते डोक्याला दिवा लावून तुम्हाला वर, खाली, कोपऱ्यात बघायला सांगतात, कधी पापणीवरून जरा दाबतात. दुखत नाही, वैताग येतो. नंतर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून स्कूटर घरी ठेवा, काळा गॉगल घ्या, सोबत कोणीतरी न्या. कडेला पातळ जागा किंवा भोक सापडलं आणि डॉक्टरांना गरज वाटली, तर लेसरने भोवती कुंपण घालतात. प्रत्येक पातळ जागेला लेसर लागतोच असं नाही, तो निर्णय त्यांचा.

आता माझा शहाणपणा ऐका. दिवाळीच्या आधी शटर ओढताना उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी काजळीचे कण उडावेत तसे ठिपके तरंगायला लागले. सीझन होता, दुकानात गर्दी होती, मी अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी नाकाच्या बाजूने राखाडी सावली वर चढत आली. ऑपरेशन झालं, डोळा वाचला, पण मधला भाग सुटून गेला होता. आजही त्या डोळ्याने खिडकीचे गज मला किंचित वाकडे दिसतात. ग्राहकांना तीस वर्षं सांगत आलेली लक्षणं स्वतःला झाली तेव्हा मी हिशेबाची वही लिहीत होतो.

तेव्हा अचानक चमक, नव्या ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेने चढणारी सावली यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा, रविवार असला तरी. दुखण्याची वाट बघू नका, पडदा सुटताना दुखत नाही. वर्षानुवर्षं तरंगणारा एखादा जुना ठिपका वेगळा, त्याच्यासाठी धावपळ नको.

घरची तपासणी गजांवर करा. आठवड्यातून एकदा चष्मा लावून एक डोळा तळहाताने झाका आणि खिडकीचे गज किंवा न्हाणीघरातल्या टाइल्सच्या रेघा बघा. मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे ठेवलेत तर चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो. रेघ नव्याने वाकली किंवा मधे डाग दिसला तर तेही त्याच आठवड्यात दाखवा. उगवलेल्या रक्तवाहिन्यांवर डोळ्यात इंजेक्शन देतात, ते लवकर दिलं तर नजर टिकण्याची आशा जास्त.

आपल्याकडच्या रंगपंचमीबद्दल वेगळं सांगतो. गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघायला जरूर जा, पण टँकरच्या फवाऱ्यासमोर उभे राहू नका आणि फुगा डोळ्यावर घेऊ नका. विरलेल्या पडद्याला तेवढा मार पुरतो. कॉन्टॅक्ट लेन्स घरी काढून ठेवा, पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा घाला.

मुलांचं. "नंबर जरा कमीच द्या, डोळ्याला सवय लागेल," असं आया सांगतात. वाढ त्याने थांबत नाही, मूल फळा मात्र चुकीचा वाचतं. लहान मुलांचा नंबर डॉक्टरांकडून थेंब घालूनच काढून घ्या, नाहीतर डोळा ताण देऊन खोटा नंबर दाखवतो. आणि रोज दोन तास बाहेर सोडा. चीनमधल्या ग्वांगझोऊत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तर तीन वर्षांत मायनस लागलेली मुलं ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के निघाली. मे महिन्यात दुपारी कोण पाठवणार? सकाळी आणि संध्याकाळी पाठवा. झाडाखालची सावलीही चालते, खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा तिथे कितीतरी जास्त उजेड असतो. एकदा लागलेला नंबर भराभर वाढत असेल तर कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे थेंब आणि वेगळ्या काचा मिळतात. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा, मला नको. काच मी विकतो, माझा सल्ला फुकट धरू नका.

लग्नाआधी लेसर करून चष्मा घालवणाऱ्यांनी एवढं ऐका. लेसर पुढची बुबुळाची काच घासतो, मागचा लांब डोळा तसाच राहतो, म्हणजे वर्षाची तपासणी चालूच. बुबुळ पातळ झाल्याने डोळ्याचं प्रेशर मशीनवर कमी येतं आणि काचबिंदू लपू शकतो, म्हणून दरवेळी "लेसर झालंय" हे आधी सांगा. लेसरपूर्वीचा नंबराचा कागदही फेकू नका. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा हिशेब करताना डॉक्टर तोच मागतात. परवा एक बाई अशाच जुन्या नंबरासाठी माझ्याकडे १९९८ च्या बिलाची नक्कल मागत आल्या. वडिलांच्या वहीत सापडली.