पाचवी ओळ शोधा: पदवीच्या भौतिकशास्त्र-गणितात मदत मागताना

पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलांसोबत ट्युटोरियलला बसायला लागले, तेव्हापासून एक वाक्य सतत ऐकते: "मला यातलं काहीच कळत नाहीये." वही उघडायला लावली की चित्र वेगळंच असतं. पहिल्या चार ओळी बरोबर असतात आणि पाचवीत घोडं अडलेलं असतं. मदत मागायची तयारी म्हणजे ती पाचवी ओळ आधी स्वतः हुडकून काढणं. ती सापडली, की प्राध्यापकांना विचारा, सीनियरला विचारा नाहीतर शेजारी बसणाऱ्याला विचारा, उत्तर कामाचं मिळतं. ती न शोधता विचारलंत, तर समोरचा अख्खा धडा पहिल्यापासून शिकवू लागतो आणि तुमची अडचण तशीच राहते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. "गॉसचा नियम डोक्यावरून जातोय" म्हणत एक विद्यार्थिनी आली. (बंद पृष्ठभागातून बाहेर जाणारा फ्लक्स, म्हणजे क्षेत्राचा एकूण ओघ, आतल्या प्रभारावर ठरतो, हा तो नियम.) कुठलं गणित करत होतीस ते दाखव, म्हटलं. मूळबिंदूवर एक बिंदुप्रभार ठेवला आहे. त्याचं विद्युतक्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. तिने गोलीय निर्देशकांत डायव्हर्जन्स, म्हणजे एखाद्या बिंदूपासून क्षेत्र किती बाहेर पसरतं त्याचं माप, काढलं होतं: क्षेत्राला अंतराच्या वर्गाने गुणलं, गुणाकार स्थिर आला, स्थिराचा डेरिव्हेटिव्ह शून्य. म्हणजे डायव्हर्जन्स शून्य. मग त्याच प्रभाराभोवती गोल घेऊन फ्लक्स काढला, तर तो शून्य येईना. गोल लहान घेतला काय नि मोठा घेतला काय, उत्तर तेच. डायव्हर्जन्स प्रमेयानुसार तर आतल्या सगळ्या डायव्हर्जन्सची बेरीज आणि बाहेर जाणारा फ्लक्स जुळायला हवेत.

तिचा गॉसचा नियम चोख होता. अडलं होतं ते गणिताच्या प्रमेयात, त्याच्या अटीपाशी. निवडलेल्या आकारमानात सगळीकडे क्षेत्र डिफरन्शिएबल असेल, तरच ते प्रमेय तसंच्या तसं लागू होतं. इथे मूळबिंदूवर क्षेत्राची व्याख्याच होत नाही. सगळा फ्लक्स त्या एका बिंदूचा आहे आणि हे नीट लिहिता यावं म्हणून डिरॅक डेल्टा फंक्शन, म्हणजे सगळं एकाच बिंदूत एकवटलंय हे दाखवणारी गणिती युक्ती, वापरतात. आता दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहा. "गॉसचा नियम समजत नाही" आणि "मूळबिंदू सोडून सगळीकडे डायव्हर्जन्स शून्य येतं, पण फ्लक्स शून्य नाही, प्रमेयाची कुठली अट मोडतेय?" दुसऱ्या प्रश्नाला पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळतं. शिवाय तो लिहिता लिहिताच निम्मी मुलं स्वतः उत्तरापर्यंत येतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

म्हणून अडलं की आधी एवढं ठरवा: अडचण भौतिकशास्त्राची आहे, गणिताची आहे की नुसती चिन्हांची, म्हणजे लिहिण्याच्या पद्धतीची? भौतिकशास्त्राच्या तासाला जे गणित लागतं, ते गणिताच्या तासाला बऱ्याचदा नंतर शिकवलं जातं. व्हेक्टर कॅल्क्युलस, डिफरन्शिअल इक्वेशन्स, संमिश्र संख्या या सगळ्यांची ही तऱ्हा. यात तुमचा काही दोष नाही. फक्त अशा वेळी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना "या ओळीत कुठलं गणित वापरलंय आणि ते कुठे वाचू?" एवढंच विचारा. ते आनंदाने सांगतात.

चिन्हांनी दडपण आलं, तर व्हेक्टर मोडून तिन्ही घटक सुटे लिहा. कागद जास्त लागेल, पण काय चाललंय ते दिसेल. मॅक्सवेलने १८६५ साली विद्युतचुंबकीय क्षेत्राचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यात घटकांत सुटी लिहिलेली २० समीकरणं होती. आज आपण पाठ करतो ती चार आटोपशीर व्हेक्टर समीकरणं ऑलिव्हर हेविसाइडने १८८० च्या दशकात बसवली. तेव्हा घटक लिहून विचार करण्यात कमीपणा मुळीच नाही.

शुद्ध गणिताची गोष्ट निराळी. तिथे बहुतेकांना धक्का बसतो तो एप्सिलॉन-डेल्टाला: उत्तरात एप्सिलॉनपेक्षा कमी फरक हवा असेल, तर एक्स किती जवळ, म्हणजे डेल्टाच्या आत, ठेवायचा हे दाखवायचं असतं. 'एक्स २ कडे जाताना एक्सचा वर्ग ४ कडे जातो', हे सिद्ध करा म्हटलं, की फळ्यावर "डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतली लहान संख्या घ्या" असं येतं आणि वर्ग गप्प होतो. इथे "सिद्धता समजली नाही" म्हणू नका. "५ कुठून आला?" असं विचारा. उत्तर छोटं आहे. एक्सचा वर्ग वजा ४ याचे अवयव पडतात एक्स वजा २ आणि एक्स अधिक २. पहिला अवयव डेल्टापेक्षा लहान राहणार हे आपण ठरवलंच आहे, दुसऱ्याला मात्र आवर घालायला हवा. डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही असं ठरवलं, की एक्स १ आणि ३ च्या मध्ये राहतो आणि एक्स अधिक २ हा ५ च्या खाली. म्हणजे गुणाकार ५ डेल्टापेक्षा लहान, आणि तो एप्सिलॉनच्या आत ठेवायला डेल्टा एप्सिलॉन भागिले ५ पेक्षा मोठा नको. झालं. डेल्टा आकाशातून पडत नाही. कच्च्या कागदावर उलटीकडून शोधतात आणि पक्क्या वहीत सुलटीकडून लिहितात. ही गोष्ट शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

विचारायला जाण्याआधी उत्तराची एककं तपासा आणि एखादी राशी शून्य किंवा खूप मोठी केली तर काय होतं ते बघा. सूत्रामागची गृहीतकंही आठवून पाहा. प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल सूत्रापेक्षा थोडा जास्त आला की मुलं घड्याळाला दोष देतात. पण ते सूत्र लहान कोनापुरतं आहे. लंबक २० अंशांवरून सोडला तर खरा आवर्तकाल सूत्रापेक्षा सुमारे ०.८ टक्के जास्त असतो आणि ९० अंशांवरून सोडला तर तब्बल १८ टक्के.

तयार उत्तरांबद्दलही सांगायला हवं. सोडवलेली गणितं आणि हल्ली एआयने लिहून दिलेली उत्तरं वाचताना सगळं पटत जातं. पटणं वेगळं आणि स्वतःला जमणं वेगळं. एआयच्या उत्तरात चिन्ह किंवा अट बिनबोभाट चुकलेली असू शकते, तेव्हा प्रत्येक ओळीला "हे का?" विचारा. माणसाकडे जाल, तेव्हाही "पूर्ण सोडवू नका, पुढची एकच पायरी सांगा" म्हणा. आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तेच गणित न बघता करा. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे, कारण मिळालेली मदत पचली की नाही ते तिथेच कळतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळेच दारात उभे असतात. तुम्ही सत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जा, एकच प्रश्न घेऊन जा, केलेलं काम सोबत न्या. "इतका साधा प्रश्न कसा विचारू" या संकोचापायी चांगली मुलं महिनोन्महिने गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि अडचण शाळेतल्या गणिताची निघाली, तर तेही मोकळेपणाने सांगा. क्वांटम मेकॅनिक्समध्ये पेटीतल्या कणाचं, म्हणजे दोन भिंतींमध्ये अडकलेल्या कणाचं, गणित येतं. "क्वांटम जमत नाही" म्हणणाऱ्या कित्येकांनी समीकरण बरोबर मांडलेलं असतं, भिंतींवरच्या अटीही बरोबर घातलेल्या असतात. पेन थांबतं ते "साइन शून्य केव्हा होतो?" या प्रश्नाशी. पाय (π) च्या पूर्ण पटींना, एवढं लिहिलं की ऊर्जेच्या पातळ्या पुढच्या दोन-तीन ओळींत बाहेर येतात. अशा वेळी थेट म्हणा, "मला त्रिकोणमितीची उजळणी हवी आहे." तासाभराचं काम असतं.