गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी
वेगवान मोटारीचा गिअर खरखरू लागला की वाळूजपासून लातूरपर्यंत बहुतेक मिस्त्री थेट गिअरबॉक्स उतरवायला निघतात. ती घाई टाळावी. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि सुरू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता अधिक, म्हणून आधी क्लचचे तेल आणि तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरची गळती पाहावी. केवळ तिसराच गिअर खरखरत असेल, तर त्याच्या सिंक्रो रिंगवर, म्हणजे गिअर पडण्यापूर्वी वेग जुळवणाऱ्या पितळी कड्यावर, संशय घ्यावा. गिअर ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळावे: ऑइल काढण्याच्या ड्रेन बोल्टच्या चुंबकावरचा करडा लगदा नेहमीचाच, चुंबकाला न चिकटणारे सोनेरी कण पितळी रिंगचे, मात्र पोलादाचा तुकडा निघाला, तर गाडी क्रेनवरूनच न्यावी. जीएल-४ दर्जाचे गिअर ऑइल सांगितले असेल तिथे केवळ जीएल-५ दर्जाचे ऑइल भरू नये.