खापरावरची पुरणपोळी : नवरा-बायकोने मिळून करायची

माझं माहेर राजापूरचं, सासर अमळनेरचं. माहेरी पुरणपोळी पोळपाटावर लाटतात. सासरी ती हातावर वाढवून पालथ्या खापरावर, म्हणजे मातीच्या भांड्यावर, टाकतात. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघं पुण्यातल्या घराच्या गच्चीवर ही खानदेशी पोळी करतो. ती एकट्याने करायला जाऊ नका. पोळी हातावर घेतली की दोन्ही हात अडकतात, आणि जाळाकडे तर सतत कुणीतरी बघायलाच लागतं. त्यामुळे कामं आधीच वाटून घ्या. आमच्याकडे जाळ माझा, पोळी यांची. सासूबाईंनी मुलींबरोबर मुलालाही शेजारी बसवून ही कला शिकवली, याचं मला फार कौतुक आहे.

सुरुवात गव्हापासून. लोकवन गव्हाला पाण्याचा हात लावून तो रात्रभर फडक्यात बांधून ठेवा, सावलीत सुकवा, बारीक दळून आणा आणि पीठ जुन्या सुती साडीच्या कापडातून गाळा. कोंड्याचा कण राहिला की पोळी नेमकी तिथेच फाटते. एवढं जमणार नसेल तर निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्या. पोळी होते, चवीत उणी पडते.

पीठ चिमूटभर मीठ घालून चपातीच्या कणकेपेक्षा बरंच सैल भिजवा. मग पाण्याचा आणि तेलाचा हात घेत परातीत आपटून आपटून मळा. खरी मेहनत हीच, आणि इथेही आळीपाळीने मळलं तर हात भरून येत नाहीत. चिमटीत धरून वर ओढल्यावर कणीक न तुटता रबरासारखी ताणली गेली पाहिजे. मग झाकून निदान 2 तास ठेवा.

पुरणाला अर्धा किलो हरभऱ्याची डाळ आणि तेवढाच गूळ. डाळ शिजली की कट काढून रशीसाठी, म्हणजे आमटीसाठी, बाजूला ठेवा. गूळ घालून पुरण इतकं आटवा की त्यात उलथनं उभं राहील. वेलदोडा, जायफळ घालून गरम असतानाच वाटा. एकही डाळ अख्खी राहता कामा नये. पुरण कणकेपेक्षा घट्ट झालं तर ते मधेच गोळा होऊन बसतं आणि कडा नुसत्या पिठाच्या राहतात.

नवं खापर रात्रभर पाण्यात भिजवून, पूर्ण वाळवून, पहिल्यांदा अगदी मंद आचेवर तापवा. आम्ही विटांची चूल मांडतो. गॅसवर करायचं असेल तर लोखंडी कढई पालथी घाला, शिकायला ती पुरते. जाळ खापराखाली सगळीकडे सारखा पसरला पाहिजे. पाण्याचा शिंतोडा मारल्यावर चर्र होऊन लगेच उडाला की खापर तयार.

आता पोळी. दोन पुऱ्या लाटा, एकीवर पुरण पसरा, दुसरी वर ठेवून कडा दाबून घ्या. हातातलं घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढा. पिठी लावून पोळी दोन्ही तळव्यांवर घ्या आणि या हातावरून त्या हातावर टाकत फिरवत राहा. ती स्वतःच्या वजनाने वाढते, बोटांनी ओढायची नाही. पुढे ती मनगटावरून कोपरापर्यंत पोचते. यांच्या हातावर पोळी इतकी पातळ होते की तिच्यातून पुरणाचा पिवळा रंग दिसतो. तेवढ्यात मी जाळ थोडा मागे ओढते, खापर फडक्याने पुसते आणि "टाका" म्हणते. हा शब्द जाळ सांभाळणाऱ्यानेच द्यायचा. पोळी हातावर थांबली तर मधोमध लोंबते. खालून तांबूस डाग पडले की दोघांनी दोन बाजूंनी धरून उलटा. उतरवल्यावर तुपाचा हात फिरवून लगेच चौघडी घाला.

कटाच्या रशीला कांदा आणि सुकं खोबरं जाळावरच भाजून घ्या, काळा मसाला घाला. कुरडया, भजी हवीतच. आमरसाबाबत घरात दोन मतं आहेत. यांना गावरान आंब्याचा हाताने पिळलेला पातळ रस लागतो, मला हापूस. आम्ही दोन्ही करतो आणि दोन्हींत चिमूटभर सुंठ, चमचाभर तूप घालतो. पहिला नैवेद्य पितरांच्या घागरीपुढे, मग पानं वाढायची.

उरलेली पोळी दुसऱ्या दिवशी कडक होते. ती गरम दुधात कुस्करून खा.