घोडीला दुर्बीण घालायच्या आदल्या दिवशी

आमची वरातीची घोडी मैना, तिला पोटाच्या दुर्बिणीसाठी, म्हणजे एंडोस्कोपीसाठी, पहिल्यांदा नेलं तेव्हा पहाटे निघालो, सव्वाशे किलोमीटर गेलो आणि स्क्रीनवर हिरवट रबडी बघून परत आलो. रात्रभर उपाशी ठेवली होती असं आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. गव्हाण रिकामी केली होती हे खरं, पण पायाखाली अंथरलेली सोयाबीनची गुळी कुणाच्या ध्यानातच आली नाही. बाईसाहेबांनी रात्रीत तीच फस्त केली. डॉक्टर रागावले नाहीत, नुसता स्क्रीनकडे हात केला. पिकअपचं भाडं गेलं, त्या दिवशीची वरातही गेली. आता गावात कुणाच्या घोड्याला एंडोस्कोपी सांगितली की लोक मला फोन करतात, म्हणून सगळं एकदा लिहूनच ठेवतो.

आधी डॉक्टरांना नीट विचारून घ्या, दुर्बीण कशासाठी? नाक-घसा बघायचा की पोट? दोन्हीची तयारी जवळजवळ उलटी आहे. घोडी पळताना श्वास आत घेताना घरघर वाजत असेल, तर बहुतेक डाव्या स्वरपडद्याची तपासणी असते. त्या बाजूची नस मानेतून छातीत उतरून पुन्हा वर घशाकडे येते, एवढी लांब, म्हणून बिघाड डावीकडेच जास्त. या तपासणीला उपाशी ठेवायची गरज सहसा नसते. गुंगीचं इंजेक्शनही आधी देत नाहीत, कारण गुंगीत पडदे सैल पडतात आणि चांगली घोडीही आजारी दिसते. वरच्या ओठाला दोरीचा पीळ देऊन तसंच बघतात. घोडी ओळखीच्या माणसाचं ऐकते, तेव्हा मोतद्दाराला, म्हणजे तिची रोज देखभाल करणाऱ्याला, सोबत घ्या, मालकाने मिशीला पीळ देत नुसतं उभं राहून भागत नाही. निघण्याआधी एक काम मात्र करा. मोबाइलवर तिच्या पळण्याचा व्हिडिओ काढा, चित्रापेक्षा आवाज नीट येईल असा. दवाखान्याच्या आवारात ती घरघर ऐकू येईलच असं नाही.

पळून आल्यावर नाकातून रक्त येत असेल तर तिसराच हिशोब. फुफ्फुसातून आलेलं रक्त श्वासनळीत दिसायला वेळ लागतो, म्हणून जोरात पळवल्यावर साधारण अर्ध्या ते दीड तासात दुर्बीण घालतात. म्हणजे घोडी पळवायला मैदान कुठलं आणि तिथून दवाखाना किती लांब, हे आधी बघून ठेवायचं. घोडी नुसती उभी असताना, काही न करता नाकातून भळाभळा रक्त आलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. कानामागे घोड्याला हवेच्या दोन पिशव्या असतात, एकेकीत पाव-अर्धा लिटर हवा मावते. तिथे बुरशी लागून मोठी रक्तवाहिनी फुटू शकते. त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन.

नाकातून शेंबूड किंवा पू येत असेल तर दुर्बिणीच्याही आधी एक पायरी आहे, आणि ती चुकवू नका. ग्लँडर्सची रक्ततपासणी. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, आपल्याकडे 2006 मध्ये महाराष्ट्रातच सापडला होता, आणि 2009 च्या जनावरांच्या साथरोगांच्या कायद्यात तो सरकारला कळवायच्या रोगांत आहे. नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत जातो, हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात तपासणी होते. लोक घाबरतात, लपवतात, मी समजू शकतो. पण पू गळणाऱ्या नाकात हात घालणारा पहिला माणूस आपला मोतद्दार असतो.

माळेगावच्या यात्रेहून घोडं आणलं, आठ-पंधरा दिवसांत ताप आला, जबड्याखाली गाठ आली आणि फुटली, हे आमच्या नांदेड भागात नवं नाही. गाठ फुटून बरं झालेलं घोडंही त्या कानामागच्या पिशवीत पू साठवून महिनोन्महिने दुसऱ्यांना रोग देत राहू शकतं. साठलेला पू कधी घट्ट होऊन खड्यासारखा होतो. अशी शंका असेल तर वेळ घेतानाच सांगा. ते तुम्हाला दिवसातलं शेवटचं घोडं म्हणून घेतील आणि नंतर दुर्बीण निर्जंतुक करतील. सकाळी बाकीच्या घोड्यांच्या रांगेत नेऊन उभं केलंत, तर रांगेतल्यांना फुकटचा प्रसाद.

आता पोट. यातच सगळ्यात जास्त चुकतं. वरातीच्या घोड्यांना पोटात अल्सर व्हायला काही वेगळं करावं लागत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र सुटत असतं, चारा चावताना येणारी लाळ ते शमवते. आपण मात्र संध्याकाळी सहाला झूल चढवतो, डीजेपुढे चार तास नाचवतो, मध्यरात्री आणून चंदीचा, म्हणजे दाण्याचा, तोबरा लावतो आणि म्हणतो, खुराक चांगला आहे. घोडी चंदी अर्धी सोडते पण कडबा ओढते, दात खाते, तंग आवळताना चावायला धावते, अंगावरची चमक जाते. मैनेचं हेच सगळं होतं. आम्ही तिला वर्षभर ‘नखरेल’ म्हणत होतो.

दुर्बिणीला नंबर लावताना फोनवर एकच प्रश्न विचारा, नळी किती मीटरची आहे? मोठ्या घोड्याच्या जठराच्या पार टोकापर्यंत जायला तीन मीटरची लागते. एक मीटरच्या नळीने घसा दिसतो, पोट नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सुरुवात तिथे फोन करूनच करा. लांब नळी कुठे आहे ते त्यांच्याकडून कळेल. ‘आणा, बघू’ असं कुणी म्हणालं तरी मीटरचा आकडा ऐकल्याशिवाय गाडी ठरवू नका.

उपाशी ठेवायचे तास साधारण 12 ते 16, नक्की आकडा तुमचे डॉक्टर सांगतील. सकाळी दहाची वेळ असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहानंतर तोंडात काही नाही. चारा नाही, चंदी नाही, गुळाचा खडा नाही, पोराने प्रेमाने दिलेली भाकरी नाही. गुळी, भुस्सा, पाचट, सगळं झाडून काढा, खाली मोकळी जमीन किंवा रबरी मॅट ठेवा. तरी भुकेली घोडी लिद खाते, दावं चघळते, म्हणून बैलाला कोळपणीत बांधतो तसं मुसकं बांधा. पाणी पिता येईल असं हवं, श्वास कोंडेल इतकं आवळलेलं नको. शेजारच्या दावणीला कडबा पडला असेल तर तिची मान तिथवर पोचते का, हे स्वतः उभं राहून बघा. आमच्या काकांनी दुसऱ्या खेपेला तबेल्यातच बाज टाकली होती. पाणी साधारण चार-सहा तास आधी बंद करतात. पण एप्रिल-मेचा लातूर-परभणीचा उन्हाळा असेल तर तास मोजत बसू नका, डॉक्टरांना सांगा की आम्ही एवढ्या लांबून येतोय. शिंगरू असेल किंवा घोडी गाभण असेल तर हे तास लावूच नका, त्यांचं वेगळं असतं.

गुंगीचं औषध वजनावर ठरतं आणि वजनकाटा सगळीकडे नसतो. शिंप्याची टेप घ्या. तंगाच्या जागेवरून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880, एवढे किलो. मैनेचा घेर 165, लांबी 145, वजन आलं 332. कागदावर हे लिहा, त्याखाली गेल्या महिन्यात दिलेली सगळी औषधं लिहा. लंगडण्यासाठी दिलेलं वेदनाशामक विसरू नका, त्यानेही जठराला जखमा होतात. ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर तेही सांगा, अल्सर भरत आलेले दिसू शकतात. मनाने काही बंद करू नका.

गाडीत पेंढा टाकू नका, वाटेत तोच खाईल. रबरी मॅट किंवा ओली पोती बरी. सोबत मजबूत मोहरकी, एक जास्तीचं दावं, बादली, टॉवेल आणि ओला चारा वेगळ्या पोत्यात बांधून, तिला वास येणार नाही असा पुढे ड्रायव्हरजवळ.

तिथे घोडी खोड्यात उभी करतात, गुंगी देतात. मान खाली जाते, खालचा ओठ लोंबतो, बघून जीव कळवळतो. नळी नाकातून जाते. पोटात हवा भरली की जठर फुग्यासारखं उघडतं, वर पांढुरकं अस्तर, खाली लालसर, मध्ये काठासारखी रेघ. जखमा बऱ्याचदा त्या रेघेला लागूनच दिसतात. जठराच्या शेवटच्या दारापर्यंत, जिथून आतडं सुरू होतं तिथवर, बघितलं का, ते विचारा. नाकातून थोडं रक्त आलं तर घाबरू नका, तिथलं अस्तर नाजूक असतं. गुंगीतली घोडी शांत दिसते, पण मागे उभं राहू नका. ती लाथ मारते, आणि आधी कान पाडून सांगतही नाही.

पूर्ण जागी होईपर्यंत चारा नाही, साधारण एक-दोन तास. अर्धवट गुंगीत गिळलेला घास अन्ननळीत अडकतो, आणि घोड्याला ओकता येत नाही. मग आधी पाणी, मग मूठभर ओला चारा. संध्याकाळपर्यंत लोळायला लागली किंवा पोटाकडे वळून बघायला लागली तर लगेच फोन.

निघण्याआधी फोटो मोबाइलवर मागून घ्या. औषध महिनाभर चालतं आणि नंतर पुन्हा दुर्बीण लागते, तेव्हा आधीचे फोटो नसतील तर फरक कशाशी बघणार? पुढची तारीख लग्नतिथी बघूनच घ्या. आम्ही दाट तिथीच्या आठवड्यात घेतली होती, आणि मैनेचा उपास मोडायला शेजारच्या मांडवातली बुंदी पुरली.