सोलापूरच्या धुळीत चालणाऱ्या पिकअपसाठी बाहेरचा एअर इनटेक कसा निवडावा

पिकअप घेतली की कुणीतरी सांगतंच, "इनटेक बदला, गाडी पळेल." इनटेक म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा पाइप आणि त्यातला फिल्टर. दुकानात गेलं की चकचकीत पाइप आणि उघडा कोन फिल्टर समोर येतो आणि तो जास्त हवा ओढतो असं सांगितलं जातं. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न वेगळा हवा: तो धूळ किती अडवतो? सांगोल्याच्या डाळिंब बागांचे कच्चे रस्ते, गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे उडणारा फुफाटा, फेब्रुवारी-मार्चात ज्वारीच्या मळणीचा भुसा, हे सगळं त्याच पाइपाच्या तोंडाशी येतं. अडीच लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३,७५० लिटर हवा ओढतं, आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) चढला की त्याहून बरीच जास्त.

आधी फिल्टरचा जुना डबा उघडून बघा

फिल्टर काढा आणि टर्बोकडे जाणाऱ्या बाजूला पांढरं फडकं फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर कंपनीची व्यवस्था चोख आहे. त्यावर बारीक माती आली तर फिल्टर डुप्लिकेट आहे, त्याचा रबरी काठ नीट बसत नाही किंवा डब्याची क्लिप सैल आहे. मग फिल्टर उजेडासमोर धरा. गॅरेजमध्ये जोराची हवा मारून साफ केलेल्या कागदी फिल्टरला बारीक छिद्रं पडतात, ती उजेडात ठिपक्यांसारखी दिसतात. असा फिल्टर सरळ टाकून द्या. नवा ओरिजिनल काहीशे रुपयांत मिळतो आणि "गाडी ओढत नाही" ही तक्रार बऱ्याचदा तेवढ्यावरच मिटते. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप फाटलाय का, त्याचा क्लॅम्प सैल झालाय का, हेही याच वेळी तपासा.

ताकदीचा हिशोब खरा मांडा

टर्बो डिझेलची ताकद मुख्यतः ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) किती डिझेल सोडतो आणि टर्बो किती दाब देतो यावर ठरते. नुसता इनटेक बदलून फार फरक पडत नाही. टर्बोची शिट्टी मात्र जास्त ऐकू येते आणि त्या आवाजामुळे गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. माल भरून विजापूर रोडने जायचं असेल, तर या आवाजासाठी पैसे घालायचे का हे ठरवूनच पुढे चला.

डबा बंदच हवा

उघडा कोन फिल्टर बॉनेटखालचीच गरम हवा ओढतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच ४० च्या वर पारा असतो. बॉनेटखाली त्याहून १५-२० अंश जास्त असले, तर तेवढ्याच हवेत ऑक्सिजन ५-६ टक्क्यांनी कमी भरतो. इंटरकूलर त्यातलं काही भरून काढतो, पण मुद्दाम गरम हवा कशाला पाजायची? म्हणून चारही बाजूंनी बंद डब्याचं किट घ्या. हवेचं तोंड ग्रिलमागे किंवा फेंडरमध्ये उंचावर असावं, बंपरखाली नको. पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावर साचलेलं पाणी खालच्या तोंडातून थेट इंजिनात जातं, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

शेतातच जास्त फिरणारी गाडी असेल तर ट्रॅक्टरवर असतो तसा, हवा गरगर फिरवून जड माती बाहेर फेकणारा प्री-क्लीनर लावून घ्या. माझ्या मते आपल्या भागात चकचकीत पाइपापेक्षा हा खर्च जास्त सार्थकी लागतो.

फिल्टरचा कागद, कापड आणि आकडे

दुकानदाराला एकच विचारा: आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या चाचणीत याची कार्यक्षमता, म्हणजे धूळ अडवण्याची टक्केवारी, किती? ९९.५ आणि ९८ हे आकडे कानाला जवळजवळ सारखेच वाटतात. पण १०० ग्रॅम धूळ आली तर पहिला अर्धा ग्रॅम आत सोडतो, दुसरा दोन ग्रॅम. म्हणजे इंजिनात चौपट माती जाते. ही माती पिस्टन रिंगा आणि सिलिंडर घासते, टर्बोच्या पात्यांच्या कडा खाते, आणि गाडी हळूहळू ऑइल प्यायला लागते. आकडा सांगता येत नसेल तर ते किट घेऊ नका.

तेल लावलेला कापडी फिल्टर धुऊन परत वापरता येतो, पण तो साधारणपणे चांगल्या कागदापेक्षा जास्त धूळ सोडतो. शिवाय धुतल्यावर तेल जास्त लागलं तर ते उडून एअर मास सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारेवर बसतं. मग रीडिंग चुकतं, गाडीची ओढ कमी होते, चेक इंजिनचा दिवा लागतो. सोलापूरसाठी कोरडा फिल्टर घ्या, कागदी किंवा सिंथेटिक.

पाइप आणि सेन्सर

बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुधा हा सेन्सर इनटेकमध्येच असतो आणि त्याचं गणित मूळ पाइपाच्या व्यासावर बसवलेलं असतं. नवा पाइप जाड असला तर त्याच हवेचा वेग कमी होतो आणि सेन्सर हवा कमी मोजतो. त्यामुळे सेन्सरच्या जागेचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून जुन्याशी जुळवा. ब्रीदर पाइपाची (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये आणणाऱ्या नळीची) जोडणी किटमध्ये आहे ना, तेही बघा. "सगळ्या गाड्यांना बसतं" असं सांगितलेलं किट नको, तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचंच हवं.

वॉरंटी आणि कायदा

बदलामुळे वॉरंटीला बाधा येते का, हे डीलरकडून लेखी घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत आधी विचारून घ्या आणि पक्कं बिल जपून ठेवा.

बसवल्यावर

फिल्टर आणि टर्बोच्या मधला प्रत्येक क्लॅम्प हाताने हलवून बघा. इथल्या फटीतून न गाळलेली हवा आत जाते. दोन-तीनशे किलोमीटर, त्यातले काही कच्च्या रस्त्यावरचे, चालवून फिल्टर काढा आणि तेच पांढरं फडकं फिरवा. फडकं मळलं तर त्याच दिवशी जुना डबा परत चढवा. म्हणून तो डबा, त्याच्या क्लिपा आणि स्क्रू एका पिशवीत बांधून घरी ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.