साताऱ्याच्या विद्यार्थ्यांनी हायडेलबर्ग एका दिवसात कसे पाहावे

साताऱ्याहून अभ्यास सहलीसाठी जर्मनीला जाणाऱ्या गटाने हायडेलबर्गमध्ये सकाळी प्रथम किल्ला गाठावा. वर जाण्यासाठी डोंगरी रेल्वे आहे. तथापि अजिंक्यतारा पायी चढणाऱ्यांनी पायऱ्यांची वाट धरण्यास हरकत नाही. फ्रेंच सैन्याने १६८९ व १६९३ मध्ये उद्ध्वस्त केलेल्या या किल्ल्याच्या तळघरात दोन लाख लिटरांहून अधिक द्राक्षमद्य मावेल असे १७५१ चे लाकडी पिंप असून त्याच्या माथ्यावर जिन्याने चढता येते.

त्यानंतर १३८६ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचा विद्यार्थी तुरुंग अवश्य पाहावा, आणि तेथे घाई करू नये. रात्री दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना १९१४ पर्यंत येथे डांबत असत, मात्र व्याख्यानांना जाऊ देत. त्यांनी मेणबत्तीच्या काजळीने रेखाटलेल्या आकृत्यांनी भिंती छतापर्यंत भरलेल्या आहेत. (गडावर नावे कोरणाऱ्यांना आपण दटावतो, येथे तोच उद्योग तिकीट लावून दाखवतात.)

सायंकाळी नेकार नदीवरील जुना पूल ओलांडून समोरच्या टेकडीवर जावे. किल्ला तेथूनच पूर्ण दिसतो. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्यामुळे दशम्या-चटणी सोबत ठेवावी.