प्रेशर वॉशरमधून ऑइल गळत असल्यास गळतीचा उगम कसा शोधावा आणि सील कसे बदलावे

प्रेशर वॉशरखाली ऑइलचा डाग दिसला की मुंबईत दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ‘वरून ऑइल भरत राहा, मशीन चालते आहे ना?’ आणि दुसरा म्हणजे ‘सिलिकॉनची ट्यूब आणा आणि फट बुजवून टाका’. पहिल्या सल्ल्याने बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड जातात. दुसऱ्याने गळती एका जागेहून दुसऱ्या जागी सरकते आणि पुढे पंप उघडणाऱ्या माणसाला सुकलेले सिलिकॉन खरवडण्यात निम्मा दिवस घालवावा लागतो. गळती नेमकी कुठून सुरू होते हे कळेपर्यंत पाना हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा लेख सर्व्हिस सेंटरमध्ये आणि मोठ्या सोसायट्यांत वापरल्या जाणाऱ्या, क्रँकशाफ्टवर (मोटरने गोल फिरणाऱ्या दांड्यावर) चालणाऱ्या तीन प्लंजरच्या (मागेपुढे होऊन पाणी ढकलणाऱ्या दांड्यांच्या) पंपांबद्दल आहे. घरगुती वापराच्या लहान मशीनमधला पंप बहुधा बंदिस्त असतो आणि त्याचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत. तो गळू लागला तर दुरुस्तीच्या नादी न लागता पूर्ण पंप बदलणे स्वस्त पडते.

वीज तोडून, गनचा ट्रिगर दाबून पाइपमधला दाब सोडून, पंप रॉकेलने किंवा डिग्रीझरने बाहेरून स्वच्छ धुऊन कोरडा करावा.

आता संशयाच्या सर्व जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि मशीन पाणी जोडून काही मिनिटे चालवावी. पावडर जिथे सर्वांत आधी ओली होऊन पिवळट पडते, ती गळतीची जागा. थेंब जिथे पडतो ती जागा मात्र बहुतेक वेळा खोटी असते, कारण ऑइल कास्टिंगच्या कडेने खाली उतरत जाते आणि मोटरच्या पंख्याचा वारा ते भलतीकडेच उडवतो. मशीन पेट्रोल इंजिनाची असेल तर ऑइल बोटावर घेऊन पाहावे: काळे असेल तर ते बहुधा इंजिनाचे, स्वच्छ किंवा दुधाळ असेल तर पंपाचे.

सोप्या कारणांपासून सुरुवात करावी. ऑइलची पातळी पंपावरच्या पातळी दाखवणाऱ्या काचेवरील लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंतच हवी आणि ती मशीन थंड व सपाट जमिनीवर असताना पाहावी. जास्त भरलेले ऑइल ते भरण्याच्या झाकणातून बाहेर येते, ती गळती नव्हे. नव्या पंपावर वाहतुकीसाठी घट्ट बूच बसवलेले असते. ते काढून हवेचे छिद्र असलेले झाकण लावायचे राहून गेले, किंवा ते छिद्र मळाने बुजले, तर गरम झालेल्या क्रँककेसमध्ये (पंपाच्या ऑइल भरलेल्या भागात) दाब साठतो आणि धडधाकट सीलमधूनही (दांड्याभोवती बसून गळती अडवणाऱ्या रबरी कड्यातूनही) ऑइल ढकलले जाते. नवे सील घालूनही गळती थांबत नाही अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हे झाकण पाहतो. ड्रेन प्लग गळत असेल तर वॉशर बदलावा, काच गळत असेल तर तिची ओ-रिंग, मागचे झाकण गळत असेल तर त्याची ओ-रिंग किंवा पॅकिंग. ॲल्युमिनियमच्या बॉडीतले आटे नाजूक असतात. गळती थांबावी म्हणून बोल्ट आवळत सुटू नये.

काचेतून ऑइल दुधासारखे दिसत असेल तर दुखणे वेगळे आहे, कारण क्रँककेसमध्ये पाणी शिरलेले आहे. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या मशीनमध्ये दमट हवेमुळेही थोडे पाणी साठते, पण ऑइल बदलल्यावर ते काही दिवसांत पुन्हा पांढरे झाले तर पाण्याच्या बाजूचे सील संपले आहेत असे समजावे. अशा वेळी नुसते ऑइल सील बदलणे व्यर्थ आहे. पाण्याचे सील सहसा दोन कारणांनी जातात. एक, गन सोडून मशीन चालूच ठेवल्यामुळे तेच पाणी पंपात फिरून तापते. चहाला गेलेला पोऱ्या परत येईपर्यंत सीलचे निम्मे आयुष्य संपलेले असते. दुसरे, नळाला पाणी नसताना पिंपातून बारीक पाइपने पाणी ओढायला लावल्यामुळे पंप उपाशी चालतो.

हेड (पंपाचा पाण्याचा पुढचा भाग) आणि क्रँककेस यांच्या मधल्या जागेत तळाशी छिद्रे किंवा फटी असतात. तिथून पाणी टपकले तर पाण्याचे सील आणि ऑइल टपकले तर प्लंजरचे ऑइल सील दोषी. पंप आणि मोटर यांच्या सांध्यातून ऑइल आले तर क्रँकशाफ्टचे सील गेले आहे, आणि ते काम पुढे ढकलू नये, कारण ऑइल मोटरमध्ये गेले की वाइंडिंगचा खर्च वाढतो.

ऑइल सील बदलण्याचा टप्पा मला सुरुवातीला फार जड गेला. सील नवे, मापाचे, चांगल्या प्रतीचे. तरीही आठवड्याभरात थेंब परत. दोष सीलचा नसतो, ते ज्या दांड्यावर घासते त्या दांड्याचा असतो. आपल्याकडची चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, म्हणजे थेट जोडलेल्या पंपात प्रत्येक प्लंजर सेकंदाला २४ वेळा मागेपुढे होतो. इतक्या वेगात, समुद्राच्या खाऱ्या हवेने धरलेल्या गंजाचा बारीकसा खड्डासुद्धा सीलच्या रबरी ओठाला, म्हणजे दांड्यावर टेकणाऱ्या कडेला, कानशीसारखा कापत राहतो.

म्हणून हेडचे बोल्ट काढून, हेड दोन्ही बाजूंनी सारखे पुढे ओढून काढल्यावर आणि सिरॅमिक प्लंजर उतरवल्यावर, जुने सील काढण्यापूर्वीच मागचा पोलादी दांडा पुसून त्यावरून नख फिरवावे. हा दांडा सरळ मागेपुढे जातो, त्यामुळे त्यावर लांबीच्या दिशेने ओरखडे किंवा गंजाचे खड्डे सापडतात. नखाला न लागणारा डाग १००० किंवा १२०० नंबरच्या वॉटर पेपरने ऑइल लावून साफ करता येतो. नख अडकले तर दांडा बदलावा, त्याला पर्याय नाही. क्रँकशाफ्ट मात्र गोल फिरतो, म्हणून त्यावर सीलच्या जागी गोल चर पडते. तिथे सीलच्या घरात (ते बसते त्या खोबणीत) जागा असेल तर नवे सील एखादा मिलिमीटर अलीकडे किंवा पलीकडे बसवावे, म्हणजे ओठ कोऱ्या पृष्ठभागावर येतो. चर खोल असेल तर शाफ्टवर पोलादी स्लीव्ह (पातळ नळी) चढवून घ्यावी.

जुने सील आकड्याने ओढून काढावे आणि ज्या घरात ते बसते तिथे स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा पडू देऊ नये, कारण त्या ओरखड्यातून सीलच्या बाहेरून ऑइल येते आणि मग कितीही सील बदलले तरी उपयोग होत नाही. सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर ही सीले सहज मिळतात, पण तिथेही आकडे सांगून भागत नाही. जुने सील सोबत न्यावे, कारण काही पंपांच्या सीलचा ओठ साध्या सीलपेक्षा वेगळ्या घडणीचा असतो. तीन प्लंजरच्या तीन सीलपैकी एकच गळत असले तरी तिन्ही बदलावीत. एक वाचवण्यासाठी हेड पुन्हा उघडणे हा व्यवहार माझ्या गळी उतरत नाही.

बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे असावी. दांड्याच्या टोकाचे आटे आणि शाफ्टवरची चावीची खाच यांवर पातळ चिकटपट्टी गुंडाळावी, ओठाला ऑइल लावावे आणि मगच सील हळूहळू फिरवत पुढे न्यावे. कोरडे सील आट्यांवरून जोराने ढकलले की ओठ चिरतो किंवा आतली बारीक गोल स्प्रिंग निसटून पडते. बाहेरून काहीच कळत नाही आणि पहिल्याच दिवशी ऑइल येते. जागेवर दाबण्यासाठी सीलच्या बाहेरच्या व्यासाहून किंचित लहान सॉकेट घ्यावे आणि ते चहूबाजूंनी सारखे उतरेल असे लाकडी हातोडीने ठोकावे. तिरके बसलेले सील सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. ते टाकून द्यावे.

सिरॅमिक प्लंजर परत लावताना त्याच्या बोल्टखालची ओ-रिंग आणि तांब्याचा वॉशर नवे घालावेत. इथून झिरपणारे पाणी प्लंजरच्या आतून थेट ऑइल सीलपर्यंत पोहोचते आणि दुधाळ ऑइलचे हे कारण बहुतेक मिस्त्री पाहतच नाहीत. दांड्यावर पाणी झटकणारी पातळ चकती असेल तर ती जागेवर असल्याची खात्री करावी. बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील आकड्याइतकाच आवळावा, कारण सिरॅमिक जास्त ताण सहन करत नाही आणि तडकते.

पंप मोटरवरून उतरवावा लागला आणि तो शाफ्टवर गंजून घट्ट बसला असेल, तर गंज सोडवणारे ऑइल मारून रात्रभर थांबावे. हातोडीने ठोकल्यास बेअरिंग जाते. परत जोडताना शाफ्टला ग्रीस लावावे.

हेडचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच भरावे. काही कंपन्या एसएई ३० सांगतात, काही १५डब्ल्यू-४०, आणि दोन्ही एकत्र करू नयेत. जुने ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून वापरलेले ऑइल घेणाऱ्या अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे. पंप आधी काही मिनिटे बिनदाबाने, मग पूर्ण दाबाने चालवावा आणि पावडरची तीच चाचणी पुन्हा करावी. क्रँककेसमध्ये पाणी गेलेले असेल तर पहिले ऑइल दिवसभराच्या कामानंतर काढून टाकावे, कारण कोपऱ्यांत राहिलेले पाणी त्यात उतरलेले असते.